रंगूनचा रिकामा रविवार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला कदाचित सांगितलं असतं... पण मी लग्नच केलं नाही, आणि त्याचं कारणही यातच आहे.

या सदरातले अनुभव मी वाचतो आणि बहुतेक वेळा पान उलटून टाकतो. मी तांदूळ गिरणीतला मिस्त्री. यंत्र आवाज करायला लागलं तर त्याला कारण असतं — पट्टा सैल झालेला, नाहीतर बेअरिंग गेलेलं. सापडेपर्यंत खोलत जायचं. भूतखेत, भानामती यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आमचं गाव तिरोड्यापासून दोन कोसांवर. नाव देत नाही. तेव्हा आमचा मुलूख अजून मध्यप्रदेशात होता. मी गोंदियाच्या एका गिरणीत कामाला होतो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने तिरोड्याला उतरायचं आणि पायी गाव गाठायचं, असा क्रम होता. घरात मी एकटाच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या वैशाखात शेठजींनी मला बोलावलं. त्यांच्या नात्यातल्या कोणाची तरी रंगूनला गिरणी होती, तिथली यंत्रं विकायला काढली होती. "मिस्त्री, तुम तो वहाँ रह चुके हो," ते म्हणाले. "शनिवार को उतरो, मशीन देखो, सोमवार को वापस." कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान. कागदपत्रं त्यांची माणसं करणार होती.

गिरणीत माझ्या आधी बाकीच्यांनीच बेत आखले. एकाला रंगूनची छत्री हवी होती, एकाला रेशमी लुंगी. हमालांचा मुकादम म्हणाला, विमानात खिडकी उघडू नको मिस्त्री, टोपी उडेल. मीही एका कागदावर दोन दिवसांची आखणी केली. शनिवारी दुपारी उतरायचं, थेट गिरणी, संध्याकाळी यंत्रांची मापं. सोमवारी सकाळी विमान. मधला रविवार मी कोरा ठेवला. त्या दिवशी काय करायचं ते मी ठरवलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं — हॉटेलच्या खोलीत दार लावून बसायचं. आणि परत आल्यावर सांगायचं, फार शोधलं वहिनी, पत्ता लागला नाही.

आता ते सांगतो.

झनकलाल माझा शेजारी, घराला घर लागून. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लढाईच्या आधी आम्ही दोघं रंगूनला भातगिरणीत नोकरीला गेलो. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले तेव्हा हजारो लोकांबरोबर आम्हीही पायी निघालो. महिन्याच्या वर चाललो. मणिपूरच्या अलीकडच्या डोंगरात झनकलालला उलट्या-जुलाब सुरू झाले. एका मोठ्या झाडाखाली मी त्याला टेकवून बसवलं. तो पाणी मागत होता. आमच्याजवळ भांडं एकच — त्याचा पितळी लोटा, लग्नात सासऱ्याने दिलेला, त्याचं नाव कोरलेला. तो घेऊन मी खाली झऱ्यावर उतरलो. आधी मी प्यालो. मग लोटा भरला. तेवढ्यात झऱ्याच्या काठाने एक तांडा चालला होता. कोणीतरी म्हणालं, पुढच्या छावणीत आजच्याच दिवस तांदूळ मिळणार, उद्या छावणी उठणार. मी वर पाहिलं. चढ फार नव्हता. झाड दिसत होतं.

मी तांड्याबरोबर चालू लागलो. भरलेला लोटा हातातच होता. वाटेत तोही मीच प्यालो.

गावी आल्यावर त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, सांगितलं, तो रंगूनलाच थांबला, मालकाने सोडलं नाही, लढाई संपली की येईल. लढाई संपली तेव्हा म्हणालो, ऐकलं की वरच्या मुलखात गेलाय कामाला. मग लोकांनीच पुढचं जुळवलं — तिकडे दुसरी केली असणार. विहिरीवर बायका वहिनीला बर्मावाली म्हणू लागल्या. "काय वो बर्मावाली, सवत धाडते का नाई काही?" हे माझ्या कानावर यायचं. मी गप्प राहायचो.

वहिनीच्या घरची एक रीत आहे. माणूस परगावी गेला की उंबऱ्याशी भरलेला लोटा ठेवायचा आणि रोज सकाळी त्यातलं पाणी बदलायचं. तो परतला की त्या पाण्याने पाय धुऊन आत येतो. येणार नाही असं कळलं, की लोटा पालथा करायचा. वहिनी तेव्हा सोळा वर्षं पाणी बदलत होती.

निघायच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी मी तिच्याकडे गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तिने माझ्यासाठी गाठोडं तयार ठेवलं होतं — कुरोड्या, जवसाची चटणी, एक नवं धोतर. धोतर कोणासाठी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी रंगूनला जाणार कळल्यापासून तिचं एकच मागणं होतं: त्यांना आणा म्हणत नाही. आहेत की नाहीत, तेवढं सांगा.

मग म्हणाली, "कायकाय करनार हाव ते वाचा मले."

मी कागद वाचला.

"आन् इतवार? इतवार रिकामा काऊन?"

थकवा येईल, आराम करीन, असं काहीतरी बोललो. ती हसली.

"दोन दिसांचा पाहुना, त्यातला एक दिस झोपून काढनार. मंग घरीच झोपा ना भाऊजी, कायले विमानात बसता."

मीही हसलो. सुपातला हात थांबला नाही. मान वर न करता ती म्हणाली, "तसेही रंगूनले नाई भेटनार ते तुमाले. लय अलीकडं बसून राहिलेत. झाडाखाली."

सुपातला एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

"म्हनतेत, लोटा भरला त्यानं. मंग वर आलाच नाई."

"कोण म्हणतं?"

"सकारी पानी बदलताना आयकू येते." ती अगदी बाजारभाव सांगावा तशी बोलत होती. "रागात नाई हायेत. तहान लागून राहिली म्हनतेत."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. तिने दारच उघडून दिलं होतं. पण माझ्या तोंडून काय निघालं? "कोणता लोटा, वहिनी?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

उन्हाने भास होतात, असं म्हणून मी उठलो. "असन," ती म्हणाली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी पत्र्याची पेटी उघडली. लोटा गावी आणल्यापासून त्या पेटीच्या तळाशी होता, कांबळ्यात गुंडाळलेला. कोणी पाहिलेला नाही. किल्ली माझ्या करदोड्याला. कांबळं उचललं तर जड लागलं. सोडलं.

लोटा काठोकाठ भरलेला होता.

कांबळं कोरडं होतं. पेटीतले कपडे कोरडे. पाण्यात बोट घातलं तर गार — वैशाखात आमच्या विहिरीचं पाणीही इतकं गार नसतं. आणि तळाशी चिमूटभर काळी वाळू.

वहिनीचं अंगण माझ्या दारातून दिसतं. ती अजून सूप घेऊन बसली होती. तो लोटा तसाच उचलून तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी मागच्या दाराने परसात गेलो आणि पाणी ओतून दिलं. जमिनीने ते लगेच ओढून घेतलं.

दुसऱ्यांदा तेच केलं मी.

रंगूनला गेलो नाही. शेठजींना पोट बिघडल्याचं कळवलं. त्यांनी दुसऱ्याला पाठवलं, तो छत्र्या घेऊन आला. गाठोडं मी वहिनीला परत केलं. तिने काही न विचारता घेतलं आणि धोतर पुन्हा आपल्या पेटीत ठेवलं.

त्यानंतर मी हे सगळं यंत्रासारखं खोलून पाहिलं. वरून गळालं असेल? वैशाखात काय गळणार. पेटी कोणी उघडली असेल? कुलूप शाबूत होतं. तेव्हा बर्मातून परत आल्यावर तापात बरळलो असेन, आईने ऐकून वहिनीला सांगितलं असेल? असं असतं तर आईने पुढची सहा वर्षं मला ज्या मायेने जेवायला वाढलं तसं वाढलं नसतं... आणि समजा सांगितलं, तर पाण्याचं काय? वाळू लोट्याच्या तळाशी चिकटून राहिली होती. ती मी कागदात बांधून ठेवली आहे. अधूनमधून उघडून पाहतो. वाळूच असते. लोटा पुन्हा कधी भरला नाही. आता मी गावीच असतो, रोज पाहतो.

परवा वहिनी मला म्हणाली, "लोटा उचलाले हात थरथरते आता. माह्या मागं पानी कोन बदलन?"

मी म्हणालो, मी बदलीन.

एवढंच म्हणालो. तिने मान हलवली, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं ते पदराने टिपलं, आणि आत गेली. उंबऱ्याशी लोटा भरलेला होता. माझ्या पेटीतला रिकामा आहे.

झनकलालला एक लोटा पाणी द्यायचं आहे, आणि वहिनीला खरं काय ते सांगायचं आहे. दोन्ही अजून माझ्याकडेच आहे.