वायरींचं कुंकू

आमच्या घरातली पहिली गाडी संकरित होती. हा शब्द वडिलांचा. गाडी पेट्रोलवरही चालायची आणि गॅसवरही. आधीच्या मालकाने डिकीत टाकी बसवून घेतली होती आणि स्टिअरिंगशेजारी एक बटण होतं. इकडे दाबलं की पेट्रोल, तिकडे दाबलं की गॅस. दोन हजार सालाच्या आगेमागे नाशकात अशा गाड्या पुष्कळ होत्या, पण वडील सांगायचे असे, जणू हा वाण त्यांनीच काढला. "हायब्रीड आहे," असं ते पाहुण्यांना ऐकवायचे. आमच्याकडच्या पाहुण्यांना हायब्रीड म्हणजे ज्वारी नाहीतर टोमॅटो. ते बॉनेटकडे आदराने बघायचे आणि उतारा किती पडतो म्हणून विचारायचे.

वडील सरकारी कचेरीत नोकरीला. आठवडाभर फायली बांधण्यात जायचा, म्हणून की काय, रविवारी काहीतरी सोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मिक्सर, रेडिओ, शिलाई मशीन, सगळं त्यांनी एकेकदा सोडलेलं होतं. जोडताना एखादा स्क्रू हमखास उरायचा. "कंपनीने जास्तीचा दिलाय," असं म्हणून ते तो एका बरणीत टाकायचे. आमच्या घरात लोणच्याच्या बरोबरीने स्क्रूंची बरणी भरत गेली.

गाडी आणली त्यांनी, पण चालवायची आई. तेही एका दिवसात ठरलं. वडिलांनी एकदा ती नाशकातल्याच द्वारका चौकात नेली, ती तिथे मधोमध बंद पडली, आणि चारी रस्त्यांच्या टेम्पोवाल्यांनी मिळून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपल्या डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो. मग चाळिशी ओलांडलेल्या आईने ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि लायसन काढलं. वडील तिच्या शेजारी बसून नसलेला ब्रेक इतक्या जोरात दाबायचे की तिथलं मॅटिंग फाटलं.

आईला गाडी हवी होती ती मात्र बाजारात जायला नव्हे. ती मूळची नामपूरची. लहानपणी तिथल्या कांदा मार्केटच्या मोकळ्या आवारात ती भावाची सायकल चालवायला शिकली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते पाहिलं आणि सायकल उचलून माळ्यावर टाकली. भावालाही मिळाली नाही. पुढे लग्न झालं, मी झाले, तरी आई माहेरच्या दारात उभी राहिली की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोनासंगे उनी?" कोणाबरोबर आलीस. प्रवास कसा झाला, जेवलीस का, हे सगळं नंतर. आधी कुठल्यातरी पुरुषमाणसाचं नाव. एकदा ती एकटीच एसटीने गेली होती, तेव्हा चिडून तिने सांगितलं, "कंडक्टरसंगे." आजोबांनी मान हलवली आणि विचारलं, "कोन्ता गावना शे?" कुठल्या गावचा आहे.

त्या वर्षी तिने त्यांना फोनवर सांगितलं की दसऱ्याला सोनं द्यायला येते, गाडी मीच चालवत आणणार. आजोबा म्हणाले, "बरं. कोनासंगे?" आईने फोन ठेवला. मग आम्हाला ऐकवलं की दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायच्या वेळेला ही गाडी नामपुरात असेल आणि स्टिअरिंगवर मी असेन. आणि हे जमलं नाही तर पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. आई चिडली की अहिराणीत बोलते. हे ती शुद्ध नाशिककर मराठीत बोलली, त्यामुळे आम्ही घाबरलो.

वडिलांनी तात्काळ ठरवलं की एवढ्या लांब जायचं तर प्लग बदलले पाहिजेत. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर जातात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते खरंही असावं, कारण गाडी चढावर खोकायची. आई म्हणाली, गॅरेजला द्या. वडील म्हणाले, चार प्लग काढायचे आणि चार लावायचे, यात गॅरेज कशाला. मी बरणीकडे पाहिलं.

नवमीला दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, नवरात्रासाठी आमच्याकडे आली होती. तिने खिडकीतून बजावलं की दिवेलागणीच्या आत पाने-पकडी मला परत हव्यात, खंडेनवमी आहे, पूजेत मांडायच्या आहेत. माझी कॉलेजची पुस्तकं तिने सकाळीच जप्त केली होती. मला त्याचं काही दुःख नव्हतं.

प्लगला एकेक जाड वायर असते आणि कुठली वायर कुठल्या प्लगवर जाते हे चुकलं तर सगळंच चुकतं. बऱ्याच गाड्यांत वायरींच्या लांबीवरून ते कळतं. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने चारही वायरी एकाच लांबीच्या बसवल्या होत्या. म्हणून वडिलांनी खुणा करायचं ठरवलं. रंग शोधला तर डबीत वाळून दगड झालेला. मग ते देवघरात गेले, चिमूटभर कुंकू घेतलं, आईच्या वेणीफणीच्या तेलाच्या वाटीत कालवलं आणि काडीने ठिपके दिले: पहिल्या वायरीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. मला बोलावून दाखवलं. मी मनापासून कौतुक केलं, कारण कल्पना खरंच चांगली होती.

जुने प्लग निघाले ते काळेकुट्ट. नवे त्यांनी हाताने फिरवत बसवले, मग पान्याने आवळले, आणि चारही बसले, स्क्रू न उरता. वायरी तेवढ्या जोडायच्या राहिल्या आणि लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंग घरच्या माणसासारखं होतं, वेळेवर यायचं. आत्या दारात उभी राहून पाने मागत होती. वडिलांनी पाने दिले, बॉनेट तसंच उघडं ठेवलं आणि म्हणाले, आता फक्त वायरी, सकाळी एका मिनिटाचं काम.

सकाळी ते आंघोळीला गेले आणि आत्याने गाडीची पूजा उरकून घेतली. दसरा आहे, यंत्राची पूजा करायचीच. बॉनेट उघडं, म्हणजे गाडीने आपणहून पदर पसरलेला. तिने इंजिनावर फुलं वाहिली, रेडिएटरला हार घातला आणि मग तिचं लक्ष चार वायरींकडे गेलं. एकीला एक बोट कुंकू, एकीला दोन, एकीला तीन आणि एकीला चार. आपला भाऊ देवाधर्मात कच्चा आहे हे तिला ठाऊकच होतं, पण इतका पंक्तिप्रपंच तिला बघवला नाही. तिने पूजेच्या वाटीत पाणी घालून कुंकू भिजवलं आणि ज्यांना कमी होतं त्यांना पुरवून चौघींना सारखं केलं.

वडील टॉवेल गुंडाळून आले आणि बराच वेळ बॉनेटमध्ये बघत राहिले. आत्या समाधानाने म्हणाली, "अरे, लावायचं तर सगळ्यांना सारखं लावावं. सवाष्णीत असा भेदभाव करतात का?"

वडील सख्ख्या बहिणीला काही बोलू शकत नव्हते, आणि दसऱ्याच्या सकाळी तर नाहीच. त्यांनी अंदाजाने वायरी लावल्या आणि आईला चावी फिरवायला सांगितली. गाडीने एक उचकी दिली आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. वायरी बदलल्या. पुन्हा बार. तिसऱ्या खेपेला शेजारचे निवृत्त गृहस्थ गॅलरीत येऊन म्हणाले, "रावण यंदा सकाळीच का?" वडिलांनी कागदावर हिशोब मांडला आणि सांगितलं की एकूण चोवीस प्रकारे लावता येतात. गॅरेजवाल्याला फोन केला. त्याचेही पाने पूजेत होते. उद्या येतो म्हणाला.

"एसटीने जाऊ," वडील हळूच म्हणाले. "मी येतो ना बरोबर."

हे 'बरोबर' आईला लागलं. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. नवी साडी, केसात गजरा, आणि गाडी जागची हलत नाही. मला तिची फार दया आली आणि वडिलांचा, आत्याचा, त्या शेजाऱ्यांचा, झाडून सगळ्यांचा राग आला. मी काहीतरी वाकडं बोलणार, एवढ्यात आईने आपल्या वेणीला हात लावला, तेलाने लाल झालेली बोटं बघितली आणि खाली उतरली.

"माझ्या तेलाच्या वाटीत कुंकू कोणी कालवलं होतं?"

वडिलांनी मान खाली घातली. आज हेही निघणार, असं त्यांना वाटलं असावं.

"तुमचं तेलातलं," आई म्हणाली. "आणि वन्सं, तुमचं?"

"पाण्यातलं," आत्या म्हणाली. "तेलातलं कुठे देवाला चालतं?"

आईने नळाखाली फडकं भिजवलं. ती काय करणार हे लक्षात येताच आत्या मध्ये आडवी आली. दसऱ्याच्या दिवशी, पूजा झालेली असताना, सवाष्णीने आपल्या हाताने कुंकू पुसायचं? तिच्या आवाजात खरीखुरी भीती होती. वडिलांनी, ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, एकदा खाली स्वतःकडे बघून घेतलं.

"वन्सं, हे वायरींचं कुंकू," आई म्हणाली. "माझं माझ्या कपाळावर आहे, आणि तुमचे भाऊ टॉवेल लावून समोर उभे आहेत. मी कुंकू पुसत नाही. जास्तीचं काढते."

'जास्तीचं' हा शब्द आमच्या घरात चालण्यासारखा होता. आत्याने तोंड फिरवलं, डोळे मिटून मोठ्याने रामरक्षा सुरू केली, आणि आईने ओल्या फडक्याने एकेक वायर पुसली. पाण्यातलं कुंकू निघून गेलं. तेलातलं रबराला धरून राहिलं होतं: एक, दोन, तीन, चार. वडिलांनी ठिपके मोजत वायरी चढवल्या, आईने चावी फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली की आम्हाला ती बंदच आहे असं वाटलं. आत्याने डोळे उघडले आणि बॉनेट पडल्याबरोबर त्यावर तळहाताएवढं स्वस्तिक काढलं, भरपाई म्हणून.

आत्या घरी सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी थांबली. वडील सवयीने पुढे बसायला गेले, तर आई म्हणाली, "तुम्ही मागे. फार पाय आपटता." मी पुढे बसले. पिंपळगावपर्यंत वडील श्वास रोखून होते. तिथे टोमॅटोच्या आणि कांद्याच्या गाड्यांच्या गर्दीतून आईने आम्हाला अलगद बाहेर काढलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला. सोग्रस फाट्याच्या पुढे त्यांना झोप लागली, आणि देवळा, सटाणा, सगळं त्यांनी घोरतच पार केलं. नवऱ्याचा विश्वास म्हणतात तो हाच, असं आई म्हणाली.

उन्हं उतरताना आम्ही नामपूरला पोचलो. आजोबा ओट्यावर बसले होते, मांडीवर आपट्याची पानं. आई उतरली, त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या हातात सोनं ठेवलं आणि सवयीने विचारलं, "कोनासंगे उनी?"

मागच्या दारातून वडील डोळे चोळत उतरत होते. आई त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मीच यास्ले लई उनू." मीच ह्यांना घेऊन आले.

आजोबांनी जावयाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, स्वस्तिकाकडे पाहिलं. आईचा चेहरा इतका ताठ झाला होता की मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर भांडेल. मग आजोबांनी काठी उचलली, वहाणा चढवल्या, येऊन पुढचं दार उघडलं आणि मला काठीनेच मागे व्हायची खूण केली. "माले वावरलोंग लई चाल," ते म्हणाले.

शेत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आईने गाडी अख्ख्या बाजारपेठेतून नेली, जरा सावकाशच. सोनं वाटायला बाहेर पडलेली माणसं वाटेत भरपूर होती आणि आजोबांनी काच खाली करून घेतली होती. कोणी काही विचारायच्या आत तेच प्रत्येकाला हात करून सांगत होते, "मनी आंडेरसंगे उनू. मनी आंडेरसंगे."

आंडेर म्हणजे लेक.