जवसाच्या तेलाचा डबा

मुलीकडचे लोक विचारायचे, मुलगा काय करतो? आई सांगायची, दुकानदारांचे कागद करतो. कसले कागद? तिथे आईची गाडी अडायची, कारण खरं उत्तर 'जहराचे' असं होतं. तेलंगणातल्या आदिलाबादेत राहून मी कीटकनाशकांच्या दुकानदारांना परवान्याची दरख्वास्त भरून द्यायचो, साठ्याची वही लावून द्यायचो आणि सरकारी तपासनीस मुआयन्याला येण्याआधी कुठे काय चुकतंय ते दाखवायचो. साखर आणि फवारणीची दवाई एकाच फळीवर ठेवणाऱ्या माणसाला मी आवडणं शक्यच नव्हतं. काम झालं की लोक मला बसची वेळ सांगायचे. लग्न काही जमलं नाही. आई गेल्यावर खोलीत मी आणि कायद्याची पुस्तकं उरलो. दिवस दिवस माझ्या तोंडून नियमांखेरीज शब्द निघायचा नाही.

जैनथ गावचं एक दुकान मात्र वेगळं होतं. मालक माझ्याच वयाचा, मराठी, दुकानामागेच घर. पहिल्याच खेपेला त्याच्या बायकोनं आतून निरोप धाडला, "भाऊजीले म्हना, जेवल्याबिगर जाऊ नका." मला भाऊजी म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि त्यावर जवसाच्या कच्च्या तेलाची धार. पुढे मी एका कामाच्या दोन फेऱ्या करू लागलो. वहीतलं एक पान पाहायचं राहिलं म्हणायचो आणि पुन्हा जायचो. लाज वाटायची, पण जायचो.

दवाईच्या डब्यांसोबत येणारे सूचनांचे कागद तेलुगूत आणि इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून त्या दुकानाच्या भिंतीवर मी स्वतः ब्रश घेऊन मराठीत लिहून दिलं होतं, 'रिकामा डबा फोडून पुरा. घरात वापरू नका.' अक्षर झकास आलं होतं आणि मला त्याचा भारी गर्व. भिंत रस्त्याकडची होती. स्वयंपाकघरातल्या माणसाला ती कशी दिसणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कपाशीवर फवारणी चालू होती, त्या दिवसांतली एक दुपार. ताटं वाढून झाली होती, मालकाची दोन्ही पोरं माझ्या शेजारी बसली होती. वहिनीनं ठेच्यावर तेल ओतायला डबा तिरपा केला आणि त्याच्या अंगावर अर्धवट खरवडलेला पिवळा त्रिकोण मला दिसला. दवाई किती विषारी ते त्या त्रिकोणाच्या रंगावरून कळतं. लाल सगळ्यांत वाईट, पिवळा त्याच्या खालोखाल.

"वहिनी, थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझी जीभ मुळातच तिखट, आणि त्यात मी घाबरलो होतो. पोरांची ताटं ओढून मी अंगणात भिरकावली आणि ओरडलो, "जहर खाऊ घालून राह्यले काय तुमी आमाले?"

शेजारच्या बाया दारात आल्या. वहिनी डबा छातीशी धरून उभी राहिली. "राखेनं तीनदा घासला जी भाऊजी. उन्हात वाळवला. असा घट्ट झाकनाचा डबा फेकून काऊन द्याचा?"

मी तो हिसकावून घेतला, तेल मातीत ओतलं, खिळा ठोकून डब्याला भोकं पाडली. पोरांनी पहिला घासही घेतला नव्हता. फवारणी झाल्यावर रिकामा डबा आपल्या शेतातून घरी मालकानंच आणला असणार. तो मान खाली घालून बसला होता. त्याला मी अवाक्षर बोललो नाही. ओरडलो ते जिनं वाढलं तिच्यावर, चारचौघांत. हे मला आजही खुपतं.

पुढच्या हंगामात परवान्याच्या कामाला गेलो. बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होतो. शेकडो दरख्वास्ती लिहिणाऱ्या माणसाला दोन ओळी जमेनात. दुकान मात्र चोख होतं. दवाईला वेगळी खोली, कुलूप, गावाबाहेर खड्डा खणून त्यात फोडलेले डबे. बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्या हाताखालचं तेवढं एकच दुकान इतकं बिनचूक झालं.

कागद पुरे झाले. जेवणाची वेळ टळत चालली होती. मी आतल्या दाराकडे पाहत रेंगाळलो, ते मालकाच्या लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "घरी सांगतलं व्हतं, तुमी येऊन राह्यले म्हनून. थे म्हने, साहेबाले बाहीरच जेवू घाला. आपल्या हातचं त्याइले जहर वाटते."