पुन्हा मांड

तळ्याभोवतीच्या बागेत घोड्यावरून फेरी मारायला आलेल्यांच्या कानावर आधी मावशीचा आवाज पडायचा. "लगाम म्हणजे विहिरीचा दोर नव्हे, हलक्या हाताने धरा." तबेल्यात लीद काढण्यापासून तिने सुरुवात केली होती. मग खरारा, मग खोगीर कसणं, असं करत करत ती घोड्यांच्या रांगेची म्होरकी झाली. तिच्या घोड्याचं नाव वकील, कारण प्रत्येक वळणावर तो हुज्जत घालायचा. तिच्यापुढे मात्र त्याची डाळ शिजत नसे.

एका सकाळी झाडीतल्या वळणावर समोरून भरधाव सायकल आली. रांगेतली एक घोडी बिथरली आणि पाठीवर बसलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला घेऊन थेट पाण्याकडे उधळली. मावशीने वकिलाला टाच मारली, त्याला घोडीच्या आडवं घातलं आणि घोडीचा लगाम पकडला. शिक्षिका खोगिरावरच राहिली. मावशी मात्र त्या हिसक्याने खाली दगडावर आदळली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं.

"चालाल," डॉक्टर म्हणाले, "पण घोड्याचं विसरा."

ती चालायला लागली. काठी टेकत तबेल्यातही जाऊ लागली. पण रिकिबीपर्यंत पाय काही उचलेना.  तिचा नवरा सुतार, मुलखाचा अबोल. त्याने मुकाट्याने तीन पायऱ्यांचा भक्कम ठोकळा बनवला आणि तबेल्याच्या दारात नेऊन ठेवला.

ती भडकली. "शेंबड्या पोरांना चढवतात याच्यावरून. लोक काय म्हणतील मला?"

"मी माळ्यावर शिडी लावूनच चढतो," तो म्हणाला. "म्हणून कुणी मला कच्चा सुतार म्हणतं का?"

 दोन दिवस ती त्या ठोकळ्याला वळसा घालून गेली. तिसऱ्या दिवशी पायऱ्या चढली, वकिलाच्या मानेवर हात ठेवला आणि पाय पलीकडे टाकला. कंबरेतून कळ गेली. वकिलाने मात्र त्या दिवशी हुज्जत घातली नाही.

बरेच दिवस तबेल्याच्या मालकाने तिला रांगेच्या शेवटी ठेवलं. मग एका सुट्टीच्या दिवशी तीच शिक्षिका आली. त्या प्रसंगानंतर ती घोड्याच्या जवळही गेली नव्हती. "मावशी पुढे असतील तरच बसेन," ती म्हणाली. मालकाने मावशीकडे पाहिलं.

"जवळचा रस्ता घ्या मग," तो म्हणाला.

"तळ्याला पूर्ण फेरी घालणार," मावशी म्हणाली आणि निघाली.

त्या वळणावर तिने हात वर करून रांग थांबवली. समोरून आलेले सायकलवाले उतरून बाजूला झाले. मागे शिक्षिकेचा श्वास जोरात चालला होता. "खाली नको, माझ्या पाठीकडे बघा," मावशी म्हणाली. पुढे बांधावर मोकळी वाट लागली तेव्हा तिने घोडे दुडक्या चालीने सोडले. पाण्यावरचा वारा तोंडावर आला आणि शिक्षिका हसायला लागली. मावशीने मान ताठ ठेवली.

परतताना कुंपणाशी नवरा उभा दिसला. शेजारच्या अनोळखी माणसाला तो रांगेकडे बोट करून सांगत होता, "ती सगळ्यात पुढची आहे ना, ती आमची."

तिने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करत पुढे गेली.