भावाच्या हाडांतलं शिसं

माझ्या धाकट्या भावानं माझ्या दंडाचा चावा घेतला तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा असेल. पोरं खेळता खेळता चावतात तसा तो चावा नव्हता. मी त्याला दूधभाकरी भरवत होते. तो एकाएकी ताठ झाला, डोळे तारवटले, आणि त्यानं दात रुतवले ते सोडीचना. अम्मीनं नाक दाबलं तेव्हा कुठं जबडा उघडला. अब्बांनी त्याला उचलून भिंतीकडं भिरकावलं. तो पडला, उठला, आणि आपणहून त्याच भिंतीवर डोकं आपटत राहिला.

आमचं घर नळदुर्गला, हमरस्त्याच्या कडेला. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, सोलापूर-हैदराबाद ट्रकांची वर्दळ वाढली होती, आणि अब्बा ट्रकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. मागच्या अंगणात त्यांची भट्टी होती. मेलेल्या बॅटऱ्या हातोड्यानं फोडायच्या, आतल्या पट्ट्या लोखंडी कढईत वितळवायच्या आणि शिशाच्या लगडी ओतायच्या. फुटलेल्या खोक्यांचे काळे तुकडे अम्मी चुलीत घालायची. जाळ झकास व्हायचा, सरपण वाचायचं. भाऊ त्या अंगणातच रांगला, त्या अंगणातच चालायला शिकला. पट्ट्यांवरची पिवळट भुकटी तो बोटानं चाटायचा. मीही एकदा चाखली होती. गोडसर लागली.

आधी त्याचं पोट दुखायला लागलं. मग जेवण तुटलं. मग येत असलेले शब्द एकेक करून गेले, आणि त्यांच्या जागी राग आला. शेजाऱ्यांच्या कोंबडीचं पिल्लू त्यानं मुठीत धरलं आणि मूठ उघडलीच नाही. अम्मीनं बोटं सोडवली तेव्हा पिल्लू मेलेलं होतं, आणि तो हसत नव्हता, रडतही नव्हता. अब्बा त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारायचे. मारून झालं की बाहेर जाऊन बसायचे.

लोक म्हणाले, पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय. गावाबाहेर झाडफूक करणारा एक बाबा होता. अब्बांनी आम्हाला तिकडं नेलं. बाबानं मिरच्यांचा धूर केला आणि चिंचेच्या ओल्या फोकेनं भावाला मारायला सुरुवात केली. मार पोराला लागत नाही, त्याच्या आत बसलाय त्याला लागतो, असं तो म्हणत होता. भावाच्या पाठीवर वळ उठले, कातडी फुटली. मग त्याचे हातपाय आकडले, तोंडाला फेस आला. बाबा थांबला नाही. त्या आकडीतल्या पोरावर फोक पडत राहिली.

अम्मी तोवर दाराशी उभी होती. ती आत आली, बाबाच्या हातची फोक हिसकावली आणि त्याच्या तोंडावर ओढली. गालापासून कानापर्यंत रक्ताची रेघ उमटली. तिनं भावाला खांद्यावर टाकलं, रस्त्यावर येऊन ट्रकपुढं उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, सोलापूरला सोड. मी तिच्या मागं होते. अब्बा धावत आले आणि चालत्या ट्रकच्या फळीला लटकून वर चढले.

सोलापूरच्या दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी भावाच्या हिरड्या पाहिल्या, मग अब्बांना तोंड उघडायला लावलं. अब्बांच्या हिरडीच्या कडेला निळीकाळी रेघ होती. धंदा कसला, त्यांनी विचारलं. अब्बांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासायचं, गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायचा, आणि दिवसभराची लघवी जमवून मुंबईला पाठवायची.

अब्बा रक्ताला तयार नव्हते. अंगात आहे तेवढंही काढून घेतील म्हणाले. अम्मीनं त्यांच्याकडं न बघता भावाची बाही वर केली. चार माणसांनी त्याला धरलं. पहिली सुई वाकली. दुसरीच्या वेळी त्यानं चावून कंपाउंडरचा अंगठा फोडला. मुंबईचं उत्तर यायला वेळ लागणार होता, पण गुडघ्याच्या फोटोत हाडांच्या टोकांना दाट पांढरे पट्टे दिसत होते. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाला धरून आम्हाला दाखवली. हे शिसं, ते म्हणाले, बॅटऱ्यांच्या भुकटीतून, भट्टीच्या आणि चुलीत जळणाऱ्या खोक्यांच्या धुरातून आलेलं. हाडांत साठलंय, आणि मेंदूपर्यंत गेलंय, म्हणून आकडी येते, म्हणून तो असा वागतो.

औषध होतं. एक शेंगदाण्याच्या तेलात घातलेलं, कुल्ल्यात खोल टोचायचं. दुसरं बाटलीतून शिरेत द्यायचं. ते शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पण जाता जाता मूत्रपिंडाला इजा करू शकतं. लघवी बंद पडली तर पोर हातचं जाईल. आणि औषध दिलं नाही तर पुढच्या आकडीत जाईल. त्यांनी स्वतः हे औषध फार थोड्यांना दिलेलं, हेही त्यांनी लपवलं नाही.

अम्मी-अब्बा व्हरांड्यात आले. घरात आम्ही दखनी बोलायचो, इथं मराठीत सांगते. अब्बा म्हणाले, डॉक्टर स्वतःच मरंल म्हणतोय, मग घरी तरी मरू दे.

"घरी तर आपण रोज मारतोच हाय त्याला," अम्मी म्हणाली. "तुम्ही पट्ट्यानं, म्या चुलीनं."

अब्बांनी तिच्या थोबाडीत मारली. व्हरांड्यातले पेशंट बघत राहिले. ओठ फुटला होता, तो तिनं पदरानं टिपला आणि तशीच ती आत डॉक्टरांकडं गेली. तिनं एकच विचारलं. लघवी कमी व्हायला लागली तर औषध थांबवता येतं का?

"येतं," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दर वेळी मोजू. पण थांबवायला उशीर होणारच नाही, असं मी सांगणार नाही."

ती बाहेर आली आणि अब्बांना म्हणाली, "औषध थांबवता येतं. आकडी थांबवता येत न्हाय. म्या औषध देणार."

सही अब्बांची लागणार होती. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग आले. पेन त्यांच्या बोटांत नीट ठरेना. डॉक्टरांनी ते पाहिलं.

त्या औषधाला सडक्या लसणासारखा वास होता. सुई मांसात जायची तेव्हा भाऊ असा ओरडायचा की शेजारच्या खाटेवरची बाई कानात बोटं घालायची. पाय धरायचं काम माझं. त्याच्या लाथेनं माझा एक दात हलला. कुल्ल्यांवर गाठी आल्या, तरी त्या गाठींच्या शेजारीच पुढची सुई. अम्मी काचेच्या भांड्यात लघवी धरायची आणि उजेडाला नेऊन बघायची.

आणि एका दुपारी लघवी भांड्याच्या तळाशीच राहिली, तीही लालसर. डॉक्टरांनी बाटली काढली. आता वाट बघायची, म्हणाले. अब्बा व्हरांड्यात गेले आणि त्यांनी खांबावर कपाळ आपटायला सुरुवात केली, थेट रक्त येईपर्यंत. दोघा वॉर्डबॉयनी त्यांना ओढून आणलं. अम्मी खाटेपासून हलली नाही. तू त्याला मारलंस, असं अब्बा एकदाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी भावानं चादर ओली केली, आणि अम्मीनं ती ओली चादर छातीशी धरली. पुढं औषध पुन्हा दिलं, कमी करून, मधे सोडून सोडून.

घरात शिसं असेल तोवर पोराला तिथं नेऊ नका, नाहीतर हे सगळं फुकट जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अम्मी आम्हाला दवाखान्यात ठेवून एकटीच नळदुर्गला गेली. शेजारणीनं मला नंतर सांगितलं, तिनं अब्बांच्याच हातोड्यानं भट्टी फोडली. कढई फोडता येईना तर तिचं बूड ठेचलं. विटांचा चुरा झाला तरी ती मारतच होती.

अब्बांनी घरी येऊन ते पाहिलं आणि तिला मारलं. ते खोटं कशाला सांगू. तिनं हात वर केला नाही, पण जागचीही हलली नाही. दुसऱ्या दिवशी अब्बांनीच उरल्या बॅटऱ्या एका ट्रकवर चढवून दिल्या, आणि आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या; भाऊ दवाखान्यातून थेट तिथंच आला. पुढं ते पंक्चरं काढायचे. डॉक्टरांनी त्यांनाही तपासून घ्यायला बोलावलं होतं. ते गेले नाहीत. अम्मीनं लई विनवलं, मी पाया पडले. पोराचं बघितलं तेवढं बास, एवढंच म्हणायचे. काही वर्षांत त्याच शिशानं त्यांचे दोन्ही पंजे मनगटातून लोंबायला लागले.

भावाची आकडी थांबली. चावणं, आपटणं गेलं. शब्द परत आले, पण सगळे नाही. शाळेत त्याला टिकता आलं नाही. तो शेळ्या राखायला शिकला, आणि शेळ्या त्याचं ऐकायच्या.

अम्मी म्हातारी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, तेव्हा तुला भीती वाटली नाही का. ती म्हणाली, त्या दुपारची भीती अजून गेलेली नाही. झोपेतही ती मधूनच हात पुढं करून चादर चाचपायची, मी पाहिलंय.

भाऊ आता माझ्याकडंच असतो. जेवताना ताट पुसून खातो, आणि शेवटचा घास मला देतो.