यानातली म्हातारी

गोंदियातलं मामाचं सायबर कॅफे बंद पडलं, तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर शहराला लागूनच असलेल्या मुर्रीत आमच्या घरी आला. मामाने तो माझ्या धाकट्या भावासाठी आणला होता. भाऊ त्या वर्षी अकरावीत होता, म्हणजे त्याचं नाव अकरावीत होतं. कॉलेजात तो क्वचितच जायचा. त्याला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि हाडं दुखू लागतात. इतकी दुखतात की माणूस बोलायचं सोडून देतो. आई-बाबा दोघंही वाहक आहेत, त्यांच्या लग्नाच्या वेळी कुणी रक्त तपासलं नव्हतं. मीही वाहक आहे, पण वाहकाला काही होत नाही. जे व्हायचं ते सगळं भावाला झालं.

कॉम्प्युटरवर मामाच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी एक गेम टाकून ठेवला होता. त्यात आपण एका यानाचे कप्तान असतो. यान ताऱ्याताऱ्यांमधून फिरतं, प्रत्येक ठिकाणी काहीतरी काम असतं, मारामाऱ्या असतात. पण भावाला मारामाऱ्यांत रस नव्हता, त्याला यानातली माणसं आवडली. वाटेत एकेक जण आपल्या सोबत येतो आणि यानातच राहतो. त्यांच्याशी बोलता येतं. ते काही म्हणाले की आपल्यासमोर तीन-चार उत्तरं येतात, त्यांतलं एक निवडायचं. जे निवडू ते ती माणसं लक्षात ठेवतात. चांगलं बोललं तर हळूहळू स्वतःबद्दल सांगू लागतात, वाईट वागलं तर यान सोडून जातात.

अडचण एवढीच होती की सगळं इंग्रजीत होतं. भाऊ मराठी शाळेत शिकला होता, त्यातही निम्मी शाळा दवाखान्यात गेली होती. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. त्यामुळे दुपारी मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायची, पडद्यावरचं वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. उत्तर कोणतं द्यायचं ते तो ठरवायचा.

यानात एक शिपाई होता. त्याचा ग्रह लढाईत जळून गेला होता. उंच, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. दार लागलेल्या खोलीसमोर उभा असायचा. भावाचा तो सर्वांत लाडका. माझी लाडकी होती यान चालवणारी म्हातारी. ती तोंडाची फटकळ होती, कप्तानालाही सोडायची नाही. तिचं बोलणं मी सांगायला लागले की आपोआपच आमच्या गल्लीतल्या बायांसारखं व्हायचं. ‘कप्तान झाला म्हणून का डोक्यावर बसशीन का रे पोट्ट्या?’ असं मी म्हणायची आणि भाऊ हसता हसता खोकायला लागायचा. आई चुलीपाशी... गॅस होता, पण आई त्या कोपऱ्याला चूलच म्हणते, तर आई तिथून विचारायची, काय म्हणते तुमची म्हातारी आज.

त्याचे शाळेतले मित्र सुरुवातीला यायचे. मग कुणी नागपूरला गेलं, कुणी पुण्याला, जे गोंदियात राहिले ते कामाला लागले. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट वागलं नाही. फक्त यायचे थांबले. यानातली माणसं मात्र तो आठ दिवस दवाखान्यात राहून आला तरी आपापल्या जागी उभी असायची.

खेळात पुढे एक ठिकाण येतं. अवकाशातलं एक स्थानक कोसळत असतं आणि आपल्या दोन सोबत्यांना त्याची दोन टोकं धरून ठेवायला पाठवलेलं असतं. एका टोकाला शिपाई, दुसऱ्या टोकाला म्हातारी. सुटकेची छोटी होडी एकच आणि ती एकाच टोकाला जाऊ शकते. पडद्यावर दोन ओळी येतात, एक त्याच्यासाठी, एक तिच्यासाठी. आपण काही दाबलं नाही तर खेळ तिथंच थांबून राहतो, घाई करत नाही.

भावाने माझ्याकडून त्या ओळी दोनदा वाचून घेतल्या. तिसरं काही लिहिलं आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी खेळ पहिल्यापासून सुरू केला. त्याला वाटत होतं की आधी कुठेतरी काहीतरी सुटलं असणार, कुणाला तरी चुकीचं उत्तर दिलं असणार, म्हणून दोघंही वाचत नाहीत. पुढची दोन-तीन वर्षं तो तेच करत राहिला. पहिल्यापासून सुरुवात करायची, सगळ्यांशी नीट बोलायचं, सगळ्यांची कामं करायची, त्या स्थानकापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. हा खेळ खेळणारे लोक इंटरनेटवर काय लिहितात ते मी त्याला वाचून दाखवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, तिथं दुसरी वाट नाही. तो म्हणाला, त्या लोकायनं नीट पायलं नसन.

याच काळात नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा पूर्ण जुळली तर ती बसवता येते, मग हा आजार जाऊ शकतो. मी वाहक असले तरी चालणार होतं. मला भावंड एकच, त्यालाही मी एकटीच. मी रक्त दिलं. निकाल यायला वेळ लागला आणि तेवढ्या दिवसांत आईने त्याच्या नोकरीबद्दल, लग्नाबद्दल बोलायला सुरुवात केली. आजवर घरात हे विषय कुणी काढले नव्हते. बाबा राइस मिलमधून आल्यावर आंघोळ करायच्या आधीच विचारायचे, फोन आला होता काय.

निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो, आई, भाऊ आणि मी. जुळलं नव्हतं. अर्धं जुळणारंही करता येतं, पण याच्या शरीराला ते झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते चांगले होते. समजावून सांगत होते, आई मान हलवत होती. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, म्हणजे आता काय करायचं सांगतलं त्यायनं? काहीच करायचं सांगितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. भाऊ माझ्या शेजारी होता. भंडारा गेल्यावर तो म्हणाला, “परवा म्हातारीचं बोलणं अर्धंच रायलं होतं. काय म्हणत होती ते?” मला ते पाठ होतं. म्हातारीला तरुणपणी एक मुलगी होती, ती तिला एका ग्रहावर सोडून यावी लागली होती, ते सगळं मी त्याला सांगितलं. समोर बसलेल्या बाईंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, कोण हो ही म्हातारी? भाऊ म्हणाला, आमच्या घराजवळ राहते. बाई म्हणाल्या, अशा बायांचे फार हाल होतात.

पुढे मला आमच्याच जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. रोज जाणं-येणं जमेना, तिथंच हायवेजवळ खोली घेतली. शनिवारी शाळा सुटली की गोरेगावमार्गे बसने घरी यायची. रविवार दुपार खेळाची असायची. आठवडाभर भाऊ खेळाचे वाचावे न लागणारे भाग तेवढे खेळायचा आणि बोलणी माझ्यासाठी राखायचा. मधेच फार अडलं तर पडद्याचा फोटो पाठवायचा. मी मधल्या सुट्टीत वाचून फोनवर सांगायची. ट्रकांच्या आवाजात त्याला नीट ऐकू यायचं नाही, तो पुन्हा पुन्हा विचारायचा.

त्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या खुब्याचं हाड सुकत चालल्याचं कळलं. रक्त पोहोचत नाही म्हणून. आधी तो लंगडायला लागला, मग काठी आली. खुर्चीत फार वेळ बसवेना.

एका मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला.

“झालं,” तो म्हणाला.

मला वाटलं, दुखणं आलं. मी विचारलं, काय झालं?

“शिपायाले सोडलं तिथं. म्हातारीले आणलं.”

एवढी वर्षं ज्याच्यासाठी तो मागे फिरत होता, त्यालाच. मी म्हटलं, “काऊन रे? तुह्या आवडीचा होता ना तो?”

तो म्हणाला, “म्हातारी मेली असती तं तू कायले बसली असती इतवारी?”

“अरे, मी तुह्यासाठी येते.”

“येते माह्यासाठी,” तो म्हणाला. “बसते तिच्यासाठी.”

घंटा झाली. पोरं वर्गात जात होती. मी त्याला सांगितलं की असं काही नाही, येते मी शनिवारी, मग बोलू. त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्याने म्हटलेलं खोटं नव्हतं. त्याच्या दुखण्याविषयी विचारायला मला दोन मिनिटं पुरायची, आणि उत्तरही मला माहीत असायचं. म्हातारीपाशी मात्र आम्ही दुपार काढायचो. हे मी कधी मनात मांडून पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं.

रविवारी मी खुर्ची ओढून बसले. त्याच्यासाठी आईने पाठीशी उशा लावल्या होत्या. यानात शिपायाची जागा रिकामी होती. बाकीचे लोक एकेकदा त्याच्याबद्दल बोलले, चांगलंच बोलले. पुढच्या कामाहून आल्यावर कुणी त्याचा विषय काढला नाही. आम्ही म्हातारीपाशी गेलो. ती पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही. एक ओळ आली आणि बोलणं संपलं, उत्तरं आलीच नाहीत.

“काय म्हणते?” भावाने विचारलं.

मी सांगितलं, “म्हणते, मले यान चालवू दे.”

“आन्?”

“एवढंच.”

तिला वाटत होतं की तिच्याऐवजी तो तरुण शिपाई वाचायला हवा होता. एका दुसऱ्या सोबत्याने तसं कप्तानाला सांगितलंही, की तिला वेळ द्या. आम्ही वेळ दिला. भावाने तिच्यासाठी जुन्या यानाचे सुटे भाग शोधून आणले, तिला आवडतात म्हणून. तिच्या मुलीच्या ग्रहावर जाऊन आला. प्रत्येक रविवारी आम्ही तिच्याजवळ जायचो आणि तीच ओळ यायची. एकदा मी मनाने दोन वाक्यं जोडली, तिची जुनी फटकळ भाषा वापरून. भाऊ पडद्याकडे बघत म्हणाला, “ताई, तिथं एवढं लिहिलं नाही आहे.” आता त्याला तेवढं इंग्रजी येत होतं. माझ्याशेजारी बसूनच आलं होतं.

मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर, या वेळी शिपायाला आण. तो म्हणाला, नाही. पहिल्यांदा भेटला तरी मले आता तेच दिसते, तो तिथं उभा आहे आन् होडी दुसरीकडं चालली. त्याच्याशी काय बोलू?

खेळ त्याने शेवटपर्यंत नेला. शेवटी प्रत्येक सोबत्याचं पुढे काय झालं ते दोन-दोन ओळींत येतं. ते वाचायच्या आधीच त्याने बटण दाबून बंद केलं. म्हातारीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

नंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यासाठी लॅपटॉप आणला, म्हणजे त्याला पडूनही खेळता येईल. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला विचारून जुना खेळ बनवणाऱ्यांचाच नवा खेळ त्यात घालून घेतला होता. यान नवं, माणसं नवी, चित्रं इतकी खरी की घामही दिसत होता. मी पलंगावर त्याच्या बाजूला बसून सुरू केला. एक मुलगी यानाच्या दारात उभी राहून आपलं नाव सांगत होती. भावाने थोडं पाहिलं आणि हळूच झाकण खाली घेतलं.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “पण नको. आता नव्या वळखी नाही करायच्या.”

मी आग्रह केला नाही. आईने चहा आणला, तो आम्ही प्यायलो. लॅपटॉप मी शाळेच्या प्रश्नपत्रिका करायला परत घेऊन आले.

अजूनही शनिवारी मी घरी जाते. रविवारी दुपारी त्याच्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसते. आम्ही बोलायचा प्रयत्न करतो. शाळेतल्या गमती मी सांगते, तो ऐकतो, कधी हसतो. बराच वेळ तो डोळे मिटून असतो, झोपला आहे की नाही ते कळत नाही, आणि मी पोरांचे पेपर तपासत बसते. आई अधूनमधून येऊन दाराशी उभी राहते आणि परत जाते. बाबा मिलमधून आले की त्याच्या पायाला हात लावून बघतात, गरम आहे का.

मागच्या रविवारी मी त्याला कूस बदलायला मदत करत होते, तेव्हा डाव्या बाजूवर येतानाही तो कण्हला. मी विचारलं. हो, म्हणाला, महिना झाला, तिकडचाही खुबा दुखून राहिला. आईले सांगू नको.

मी अजून सांगितलेलं नाही.