उलटं गाऱ्हाणं

बांद्याच्या बाजारात दीपेशचं छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, रबरी शिक्के, आणि चतुर्थी जवळ आली की आरत्यांची पुस्तकं. माझं भांड्यांचं दुकान त्याला लागून, त्यामुळे त्याची बडबड मला रोज फुकट ऐकायला मिळते. माणूस लाखात एक. कुणाच्या घरी मयत झालं तर हातातलं काम टाकून आधी गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देईल. फक्त मांगाचा विषय निघाला की त्याचा तराजू बिघडतो.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात म्हणे. मी एकदा प्रयत्न केला आणि शेवटच्या पानावरचा खून आधीच वाचून बसलो. दीपेश मात्र शाळेत असल्यापासून एक मालिका वाचतोय. तिचं जपानी नाव माझ्या जिभेला वळत नाही. आम्ही बाजारातले लोक तिला 'छत्रीवालो' म्हणतो, कारण तिच्या नायकाच्या हातात कायम काळी छत्री असते. वीस-बावीस वर्षं झाली, ती संपायचं नाव घेत नाही.

आसपासच्या पोरांचा फोनवर एक मांगाचा गट आहे. कुठल्याही मालिकेचा नवा भाग आला की त्यावर निकाल द्यायचा दीपेशने, आणि तोही बोलून, गाऱ्हाण्याच्या चालीवर. त्याचे वडील दाजी वाडीत गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून दाजी मोठ्याने एकेक मागणं मागतात आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दीपेश दाजींचा आवाज हुबेहूब काढतो. त्याचा निकाल गटावर पडला की खाली धडाधड 'व्हय म्हाराजा' उमटतात. निम्म्यांनी तो ऐकलेलाही नसतो.

निकाल मात्र एका मापाचे नव्हते. छत्रीवाला दोनदा मरून दोनदा जिवंत झाला, तेव्हा दीपेश म्हणाला, "लेखकाचो डाव आसा, थांबा जरा." एका दीपगृहाच्या मालिकेत एक म्हातारा बुडता बुडता वाचला, तर म्हणे, "वाचकांका खुळे समाजतत!" छत्रीवाल्याच्या लेखकाने पाठ दुखते म्हणून वर्षभर सुट्टी घेतली. पोरं कुरकुरली. दीपेशने त्यांना झापलं, "माणूस आसा तो. दमलो आसतलो. येतलो तेव्हा येतलो." दीपगृहाच्या लेखिकेने दोन आठवडे चुकवले, तर ती आळशी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? मी एकदा तोंडावर बोललो, तर म्हणाला, "तुमका त्यातला कळाचा नाय." मग मी टोप मोजायला लागलो.

जपानच्या त्या बाईला बांद्यातला निकाल ऐकू जात नव्हता, म्हणून ते सगळं खपून गेलं. आकांक्षाला ऐकू गेला.

आकांक्षा ही दीपेशची मामेबहीण, इन्सुलीची. सावंतवाडीला कॉलेजात जाते. फोनवर बोटाने चित्रं काढून तिने स्वतःची मालिका सुरू केली, मालवणीत. आंबोलीच्या घाटात धुक्यात एक एस्टी हरवते आणि तिची कंडक्टर पोरगी दर रविवारी वेगळ्याच गावात उतरते, अशी ती गोष्ट. ती डावीकडून उजवीकडे असल्याने मलाही वाचता यायची, आणि खरं सांगतो, मी रविवारची वाट बघायचो. दोन वर्षं तिने एक रविवार चुकवला नाही. ती काढायची तेही दीपेशमुळेच. लहानपणी याच्या दुकानात बसून छत्रीवाला वाचत तिला चित्रांची गोडी लागली होती.

मग तिची आई, म्हणजे दीपेशची सावित्रीमामी, विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडला. स्वयंपाक, गुरं, कॉलेज सगळं आकांक्षावर आलं. तीन रविवार एस्टी आली नाही. दीपेशला मामीचा पाय ठाऊक होता. भेटायला जाताना केळी आणि बिस्किटं तोच घेऊन गेला होता. तरीही गटावर कुणीतरी विचारलं, "एस्टी खंय रवली रे?" आणि त्याच्या जिभेला खाज सुटली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ही एस्टी दोन वर्सां घाटात फिरता हा, हिका ना गाव ना थारो. काढणारीक येळ नाय, वाचणाऱ्यांका कटाळो इलो. आता हिचा इंजिन कायमचा बंद पाड रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. शेजारच्या दुकानात मला त्याचा फोन वाजताना ऐकू येत होता आणि तो खुर्चीत मागे रेलून हसत होता. आकांक्षा त्याच गटात होती. त्या संध्याकाळी तिची मालिका फोनवरून नाहीशी झाली, पहिल्या भागापासून सगळी.

ते बोलणं या फोनवरून त्या फोनवर जात दाजींपर्यंत पोचलं. दाजी दुकानात आले आणि उभ्यानेच म्हणाले, "माझो आवाज काढलंस, त्याचा माका कायेक नाय. पण गाऱ्हाण्यात मागूचा असता रे. घरच्या चेडवाचा, आपल्या पोरीचा काम बंद पाड म्हणान कोण मागता?"

"मस्करी केलंय, बाबा."

"तू मस्करी केलंस. व्हय म्हटलेल्यांका ता कळला? जा, आणि माघारी घे."

दीपेश देवाधर्मातला नाही. पण त्या दिवसापासून त्याची बडबड बंद झाली. एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याने मुलीच्या बापाचं नाव छापलं. दुपारी डबा उघडून तसाच बंद करायचा. एकदा आपणहून माझ्याकडे आला आणि कढईवर टिचकी मारत म्हणाला, "तो जपानचो माणूस माझो कोण? तेचा पाठदुखणा माका खरा वाटला. मामीचो पाय मी डोळ्यांनी बघितलंय, तो माका खरो वाटाक नाय." त्याला धीर द्यावा असं क्षणभर वाटलं. पण चूक होती, आणि ती त्याला कळली होती. मी ती कढई फळीवर ठेवली.

मामीचं प्लास्टर निघालं तेव्हा इन्सुलीला देवापुढे नारळ ठेवायचं ठरलं. दाजींनी घसा बसल्याचं निमित्त केलं आणि गाऱ्हाणं दीपेशवर ढकललं. जेवणावळीची मोठी भांडी न्यायची होती, म्हणून टेम्पोतून मीही गेलो.

घरची, शेजारची माणसं गोळा झाली. दीपेशने हात जोडले. आज त्याच्या तोंडून दाजींचा आवाज आला नाही, त्याचा स्वतःचाच आला. मामीच्या पायासाठी मागितलं. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. गुरावासरांसाठी मागितलं. व्हय म्हाराजा. मग त्याने जोडलेले हात कपाळाला लावले.

"आणि माझ्या तोंडातसून एक उलटा गाऱ्हाणा गेलाहा, म्हाराजा. हसण्यापायी गेला. ता माघारी घी. ह्या चेडवाच्या हाताक पयल्यासारखी चालना दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. काय माघारी घ्यायचं ते तिथल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. म्हणायची सवय, म्हणून म्हणाले. दीपेशने मान वर केली. आकांक्षा खांबाला टेकून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. त्याचा चेहरा असा उतरला की मला तिकडे बघवेना.

नंतर तिने सगळ्यांना खोबरं वाटलं. दीपेशच्या हातावर तुकडा ठेवताना म्हणाली, "दादा, देवान काय ऐकल्यान ता माका म्हायत नाय. पण तितक्या लोकांनी व्हय म्हटल्यानी, ता मी वाचलंय. तुझ्या छत्रीवाल्यासाठी तू वरीसभर थांबलंस. माझ्यासाठी तीन रविवार थांबाक तुका जमला नाय."

"आता थांबतंय," दीपेश म्हणाला.

"थांब तर," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

चतुर्थी होऊन गेली. एस्टी अजून आलेली नाही. दीपेश तिला विचारत नाही, पण रविवारी सकाळी दुकान उघडलं की आधी फोन बघतो, मग खुर्ची पुसतो. मीही बघतो.

गेल्या आठवड्यात गटावर कुणीतरी पुन्हा खवचटपणे विचारलं, एस्टी भंगारात गेली काय? त्यावर आपण काय लिहिलं ते दीपेशने मला दाखवलं. "माणूस आसा ती. दमली आसतली. येतली तेव्हा येतली."

त्याखाली एकही 'व्हय म्हाराजा' नव्हता. एकाने तेवढं विचारलं होतं, "भैण म्हणान सवलत देतंस काय रे?"

दीपेशने उत्तर लिहिलं, "व्हय."

पुढे म्हाराजा लिहिलं नाही.