कागद कोरडा होता

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत आहे असं ती समजते, आणि मी तिला तसं समजू देतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय — बघू.

आधी माझ्या बाजूचं सांगतो. कारण तेही खरं आहे, आणि अजून दुखतं. गोंदियात माझं माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. सुखदेव माझा मित्र आणि दुकानाचा कारागीर. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मी गिऱ्हाइकांशी बोलायचो, तो काच कापायचा, चिकटवायचा. मोठ्या टाकीला पाइप जोडायचा तर तळाच्या काचेला भोक पाडावं लागतं. ते काम त्याच्याशिवाय आमच्याकडे कुणाला जमत नसे. काचेवर पाणी सोडत, श्वास धरून, हळूहळू. घाई केली की काच तडकलीच.

भोकाची टाकी तशीच कुणी गिऱ्हाइकाला देत नाही. भोकात पाइप बसवायचा, रबरी वॉशर लावून नट आवळायचा, टाकी लाकडी पट्ट्यांवर ठेवून काठोकाठ भरायची, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि अख्खा दिवस तिला हात लावायचा नाही. मग कागद बघायचा. कोरडा, तर टाकी पास. सुखदेवचा एक नेम होता — कागद तो स्वतः कधी बघत नसे. "आपल्या हातचं काम आपल्याले कोरडंच दिसते. तू पाहून सांग." अकरा वर्षं मीच बघत आलो. मी "कोरडा" म्हणालो की तो वाकूनही बघायचा नाही. इतका भरवसा माणूस कशाच्या जोरावर ठेवतो?

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी मोठी टाकी केली होती. ती आमच्या मागच्या खोलीत भरून ठेवलेली, आणि सुखदेव गोरेगावला स्टँड बसवायला गेलेला. दुपारी त्या डॉक्टरांचा कंपाउंडर कशाला तरी गोंदियाला आला होता, तो दुकानात टेकला. सहज बोलून गेला, "सुखदेवभाऊच्या नव्या दुकानाचं उद्घाटन कधी हाय? डॉक्टरसाहेब विचारून राहिले. ही टाकी त्याच दुकानाची पहिली म्हणे."

कुठलं नवं दुकान? मी हसून "लवकरच" म्हणालो. कंपाउंडरसमोर तोंड पाडून बसणार होतो का? तो गेल्यावर मात्र सगळं लक्षात आलं. माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर, माझ्या डोळ्यांदेखत त्याने स्वतःच्या दुकानाची पहिली टाकी बनवली होती. रोज माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत खात होता, आणि एक शब्द नाही. काढायचं होतं दुकान तर काढ ना — मी काय अडवलं असतं? अडवलंही असतं कदाचित. पण सांगायचं तरी! केसाने गळा कापला त्याने माझा. ते मी अजूनही विसरलेलो नाही.

आता माझं.

मी तसाच उठून मागच्या खोलीत गेलो. टाकीचा दिवस पुरा झाला होता. वाकून बघितलं. भोकाच्या बरोबर खाली कागदावर डाग होता, तुरीच्या डाळीएवढा. बोट लावलं — ओला.

यात मोठं काहीच नव्हतं. वॉशर जरा तिरका बसला असणार, कुणाचाही बसतो. पाणी काढायचं, नट सोडायचा, वॉशर सरळ करून पुन्हा आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. मी फक्त "ओला आहे" एवढं म्हणायचं होतं.

मी तो कागद काढून चुरगाळला. दुसरा आणून पसरला, चारी कोपरे सरळ करून. सुखदेव बघणार नाही हे माहीत असूनही.

संध्याकाळी तो आला. दारातूनच विचारलं, "कसा हाय कागद?"

"कोरडा," मी म्हणालो. मान हलवून तो टाकी रिकामी करायला लागला.

टाकी गोरेगावला गेली. तिच्यात मासे सोडले. थेंब कुणाला दिसत नव्हता, तो लाकडी स्टँडमध्येच मुरत होता. तिसऱ्या आठवड्यात फळी फुगली, एका बाजूने खचली, आणि भर ओपीडीत टाकीचा तळ फुटला. पेशंटच्या चपलांमध्ये मासे तडफडत होते, असं लोकांनी मला येऊन सांगितलं. कुठून गळलं ते शोधायला तळाची काच शिल्लकच नव्हती. सुखदेवचं दुकान उघडून तेव्हा आठ दिवस झाले होते.

गोंदियात नाव पडायला वेळ लागत नाही. तो 'टपकू' झाला, टपकणाऱ्या टाक्यांचा. त्याच्याकडे टाकी करायला कुणी जाईना. शाळेत पोरं त्याच्या मुलीला "टपकू की बेटी" म्हणायची. एकदा एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, तुमच्याकडे आधी कोण कारागीर होता? मी काय म्हणालो असेन? तेच नाव घेतलं, 'टपकू'. तो हसला, तेव्हा मीही हसलो.

वर्षभराने सुखदेव दुकानात आला. त्याचं दुकान बंद पडलं होतं, सालेकशाकडे खिडक्यांच्या काचा बसवत होता. नवं दुकान लपवल्याबद्दल त्याने माफी मागितली. "तुले सांगाची हिंमतच नाही झाली बे." मग समोरचा चहाचा कप बशीत फिरवत राहिला. मला वाटलं — आता पकडणार. पण त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. संशय असता तर मला सोपं गेलं असतं.

"एक खरं सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी कागद कोरडा होता ना?"

पहिल्या वेळी मी रागात होतो. या वेळी राग कुठे होता? समोर चहा होता, दोघंच होतो, त्याने माफी मागून झाली होती. खरं बोललो असतो तर फार तर काय, त्याने कानाखाली वाजवली असती.

"कोरडा होता," मी म्हणालो.

त्याने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. "मंग माहा हातच गेला," म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठला.

त्यानंतर त्याने कधी काचेला भोक पाडलं नाही. त्याचा हात चांगला होता. हे जगात एकट्या मला माहीत होतं.